माईंचं मृत्युपत्र आणि आम्हा वकिलांचं अडाणीपण

आमच्या वस्तीत विहाराच्या मागच्या बाजूला दीड गुंठ्याचा एक प्लॉट आहे. त्यावर दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, एक कडुनिंब. ही जागा कालकथित माईंची. माई सरकारी दवाखान्यात परिचारिका होत्या. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. पुढची एकतीस वर्षं त्यांनी रात्रपाळ्या केल्या, वस्तीतल्या निम्म्या बायकांची बाळंतपणं पाहिली आणि पै पै जोडून ही जागा घेतली. तिथे मुलींसाठी अभ्यासिका व्हावी ही त्यांची इच्छा होती. जयंतीला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, कुठल्याही कार्यक्रमात माईक हातात आला की त्या हे बोलून दाखवायच्या.

2017 साली त्यांनी ही इच्छा कागदावर उतरवली. फुलस्केपची चार पानं, सुंदर अक्षर, प्रत्येक पानाखाली सही. वर्षावासातल्या एका रविवारी प्रवचन संपल्यावर त्यांनी ती पानं आमच्यातल्या दोघा वकिलांच्या हातात दिली. "बाळांनो, वाचून बघा, काही राहिलं का." आम्ही वाचली. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोला. आम्ही म्हणालो, "माई, फार चांगलं लिहिलंय. बँकेत नॉमिनी लावलाय ना? मग झालं."

2021 च्या एप्रिलमध्ये माई कोरोनात गेल्या. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही पाच माणसांत उरकावा लागला. चारेक महिन्यांनी त्यांच्या नवऱ्याचे पुतणे कोर्टातून वारस प्रमाणपत्र घेऊन आले. आम्ही ती चार पानं पुढे केली. समोरचे वकील ज्येष्ठ होते, त्यांनी पानं उलटसुलट पाहिली आणि एकच प्रश्न विचारला. साक्षीदार कुठे आहेत?

साक्षीदार नव्हते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम 1925 चं कलम 63 सांगतं की मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही हवी आणि किमान दोन साक्षीदारांनी त्याच्यासमोर साक्षांकनाच्या सह्या करायला हव्यात. अक्षर कितीही सुंदर असो, इच्छा कितीही शंभर माणसांसमोर बोलून दाखवलेली असो, या दोन सह्या नसतील तर तो कागद कायद्याच्या नजरेत मृत्युपत्रच नाही. आणि दुसरं भोक याहून मोठं होतं. माईंनी जागा "आपल्या महिला मंडळाला" दिली होती. ते मंडळ वस्तीत होतं, वर्गणीच्या पावतीबुकावर होतं, पण कुठल्याही नोंदणी कार्यालयात नव्हतं. द्यायचं ज्याला तोच कागदावर अस्तित्वात नव्हता.

हे सगळं आम्ही एलएलबीला शिकलो नव्हतो असं नाही. कलम 63 परीक्षेत पाच मार्कांना लिहिलं होतं. त्यानंतर पंधरा वर्षांत ते एकदाही उघडलं नव्हतं.

पुतण्यांबद्दल एक शब्द. ती माणसं वाईट नाहीत. आपल्याच चळवळीतली आहेत, जयभीमवाली आहेत, मोर्चाला येणारी आहेत. कायद्याने त्यांचं बरोबरही होतं. हिंदू उत्तराधिकार अधिनियम 1956 च्या कलम 15 प्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या बाईची मिळकत आधी मुलं आणि नवऱ्याकडे जाते. ती नसतील तर नवऱ्याच्या वारसांकडे. तिचे स्वतःचे आईबाप त्यांच्यानंतर. आईबापाकडून वारशाने आलेल्या मिळकतीला अपवाद आहे, पण बाईने स्वतःच्या पगारातून घेतलेल्या मिळकतीला नाही. म्हणजे माईंच्या एकतीस वर्षांच्या रात्रपाळ्या, ज्या नवऱ्यासोबत त्यांनी चार वर्षं काढली त्याच्या पुतण्यांकडे गेल्या.

कुणाला वाटेल आमच्या तालुका कोर्टात काहीतरी गफलत झाली असेल. नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या खटल्यात हेच सांगितलं आहे. त्यातली बाई लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झाली, नवरा साप चावून गेला. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. माहेरी राहून ती शिकली, नोकरीला लागली. 1996 साली मृत्युपत्र न करता वारली. बँकेतली ठेव, भविष्य निर्वाह निधी, सगळं तिच्या कमाईचं. निकाल लागला तो ज्यांनी तिला हाकललं त्या सासरच्या बाजूने. न्यायालयाने म्हटलं की सहानुभूतीवर निकाल देता येत नाही, कलम स्पष्ट आहे. हा निकाल आला तेव्हा आम्ही वकिली करत होतो. तो आम्ही वाचला नाही. तो वाचला असता तर त्या रविवारी माईंना "झालं" असं म्हटलं नसतं.

इथे आपल्यातले काही तरुण लगेच विचारतात, आम्ही बौद्ध आहोत, आम्हाला हिंदू कायदा कसा लागतो? प्रश्न रास्त आहे आणि बौद्धांच्या स्वतंत्र व्यक्तिगत कायद्याची मागणी आपल्या चळवळीत जुनी आहे. पण आजची वस्तुस्थिती अशी की या अधिनियमाच्या कलम 2 मध्ये बौद्ध, जैन, शीख यांचा स्पष्ट उल्लेख आहे. हा कायदा 17 जून 1956 ला लागू झाला. म्हणजे नागपूरच्या दीक्षेच्या चार महिने आधी. आपल्या आजोबा-आजींनी 14 ऑक्टोबरला धम्म स्वीकारला तेव्हा वारशाचा हा कायदा आधीच त्यांची वाट पाहत उभा होता. पण या कायद्यातून आपल्यापुरतं बाहेर पडायचा एक दरवाजा त्याच कायद्याने उघडा ठेवलेला आहे, तो म्हणजे मृत्युपत्र. मृत्युपत्र केलं की कलम 15 तिथे येतच नाही. आपल्या कमाईपुरता आपणच लिहिलेला वारसा कायदा असं त्याला म्हणता येईल. त्याला स्टँप ड्युटी लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, साध्या कागदावर होतं. दोन साक्षीदार लागतात, बस्स. हे आपल्या किती बायकांना माहीत आहे? बायकांचं सोडा, आपल्या किती वकिलांना हे नीट करता येतं?

आम्ही हिशोब मांडून पाहिला. आमच्या जिल्हा न्यायालयात वस्त्यांमधून आलेले, पहिल्या पिढीतले पुष्कळ वकील आहेत. जामीन, पोटगी, अ‍ॅट्रॉसिटी, मोटार अपघात यांत त्यांचा हात कुणी धरणार नाही. अ‍ॅट्रॉसिटीच्या कायद्यावर त्यांच्यातला ज्युनियरसुद्धा तासभर बोलेल. याचा आम्हाला अभिमान आहे, कारण ही लढाई आपल्यावर लादली गेली आणि आपण ती शिकलो. पण मृत्युपत्र, विश्वस्त कायदा, वाटणीपत्र, धर्मादाय आयुक्तांसमोरचं काम म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघतात. शेवटी पक्षकार गावातल्या त्याच दोन-तीन जुन्या घराण्यांच्या ऑफिसात जातो, जिथे आजोबांपासून हे काम चालत आलंय. ज्ञानही वारशाने जातं ते असं.

आणि हे आत्ताच महत्त्वाचं का? कारण आपल्या समाजात मिळकत असलेली पहिली पिढी आत्ता म्हातारी झाली आहे. रेल्वे, टपाल, बँका, एलआयसी, जिल्हा परिषदेच्या शाळा, सरकारी दवाखाने यांत राखीव जागांवर लागलेली माणसं निवृत्त होऊन दहा-वीस वर्षं झाली. त्यांच्या बापाकडे द्यायला काही नव्हतं, त्यामुळे "मागे काय ठेवायचं आणि कुणाला" हा प्रश्न घरात कधी पडलाच नव्हता. त्यांच्याकडे मात्र एक घर आहे, थोड्या ठेवी आहेत, कुठे गावाकडचा वतनाचा तुकडा आहे. ही मिळकत एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे पहिल्यांदाच जाते आहे. या पहिल्याच वेळी ती कोर्टाच्या पायरीवर झिजली, तर आरक्षणातून उभं राहिलेलं जे काही थोडंफार आहे ते भावाभावांच्या दाव्यांत संपेल.

माईंच्या प्रकरणानंतर आमच्यातले दोघं मुंबईला एका परिसंवादाला जाऊन आले. इस्टेट प्लॅनिंग, एक दिवसाचा, मोठ्या हॉटेलात. फी आमच्या महिन्याच्या ऑफिसभाड्याइतकी. तिथली उदाहरणं अशी की मुलगी दुबईला, मुलगा अमेरिकेत, अलिबागला दुसरं घर, कंपनीचे शेअर्स, आता फॅमिली ट्रस्ट कसा करायचा. एका सातबाऱ्यावर त्रेचाळीस वारसांची नावं असली तर काय करायचं, हे तिथे कुणी विचारलं नाही. आम्हीही विचारलं नाही, जेवणाच्या सुट्टीत आपापसात हसून घेतलं. पण एक गोष्ट तिथून आणली ती खरोखर उपयोगाची निघाली. बोलणाऱ्या बाई म्हणाल्या, पक्षकाराला पहिला प्रश्न "तुमच्याकडे काय काय आहे" असा विचारू नका, "तुमच्यावर कोण कोण अवलंबून आहे" असा विचारा. हा प्रश्न पत्र्याच्या खोलीतही तितकाच चालतो.

मग 2022 पासून आम्ही विहाराच्या माडीवर महिन्याच्या शेवटच्या रविवारी वर्ग सुरू केला. वकिलांनी वकिलांसाठी. आठ-दहा वकील, तीन-चार कार्यकर्ते, कधी एखादा निवृत्त नायब तहसीलदार. चहा वर्गणीतून.

पहिल्याच बैठकीत वाद झाला. एक तरुण सहकारी, अभ्यासू, म्हणाला, "चळवळ सोडून आता आपण मालमत्तेचे कारकून व्हायचं का? बाबासाहेबांनी संविधान दिलं, आपण मृत्युपत्रांचे नमुने वाचतोय." बोलणं झोंबणारं होतं आणि अनेकांच्या मनातलं होतं. त्याला त्या दिवशी जे उत्तर देता आलं नाही ते इथे देतो.

बाबासाहेबांनी केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा दिला तो 27 सप्टेंबर 1951 ला. त्यामागची कारणं एकापेक्षा अधिक होती, पण सगळ्यात मोठं कारण हिंदू कोड बिल. त्या बिलात काय होतं? विवाह, घटस्फोट, दत्तक, पोटगी आणि वारसा. मुलीला बापाच्या मिळकतीत हिस्सा, विधवेला तिच्या मिळकतीवर पूर्ण हक्क. ज्या माणसाने वारशाच्या कायद्यासाठी मंत्रिपद सोडलं त्याच्या अनुयायांना वारसा कायदा शिकणं कारकुनी वाटावं, हे अजब आहे. त्याआधी 1928 साली मुंबई कायदे मंडळात त्यांनी महार वतनासंबंधी विधेयक आणलं होतं. वतन म्हणजे काय, तर पिढीजात मिळकत आणि तिच्या मागे पिढीजात गुलामी. मिळकतीच्या कायद्याच्या पोटात जात कशी बसलेली असते हे त्यांच्याइतकं कुणी पाहिलं नव्हतं.

आणि अजून एक गोष्ट, जी आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असते. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांची अप्रकाशित हस्तलिखितं आधी दिल्लीच्या उच्च न्यायालयाच्या ताब्यात होती आणि मग महाराष्ट्राच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर जनरलकडे आली. पेट्यांमध्ये बंद. ती प्रकाशात यावीत म्हणून अनुयायांनी मागण्या केल्या, नागपूरच्या एका वकिलाने न्यायालयात धाव घेतली. वारसदारांनी संमती दिली आणि मग शासनाने ते काम हाती घेतलं. वसंत मून यांनी समग्र वाङ्मयाच्या तिसऱ्या खंडात ही हकीकत नोंदवली आहे. तो खंड आणि "रिडल्स"चा चौथा खंड निघाला 1987 साली. 1956 ते 1987, म्हणजे एकतीस वर्षं आपल्या बापाने लिहिलेलं आपल्याला वाचायला मिळालं नाही. त्यात राजकारणाचा वाटा किती आणि अनास्थेचा किती, हा वेगळा लेख होईल. पण पेट्या बंद होत्या त्या ताबा आणि उत्तराधिकार याच कायद्याच्या कुलपात. आणि कुलूप काढायला मोर्चाबरोबर एक वकीलही लागला.

वर्गात आम्ही एका वेळी एकच गोष्ट घेतो. पहिल्या महिन्यात प्रत्येकाने आपल्या आईचं मृत्युपत्र लिहून आणायचं होतं. नमुना समोर न ठेवता. अकरा जणांनी आणलं, त्यात बिनचूक एकही नव्हतं. कुणी एक्झिक्युटर नेमला नव्हता. कुणी "माझी सर्व मिळकत" असं लिहून गट नंबर दिला नव्हता. एकाने दोन्ही साक्षीदार आईपेक्षा वयाने मोठे घेतले होते. यावर खूप हसलो, पण चूक गंभीर आहे. मृत्युपत्र कोर्टात शाबित करायचं तर किमान एक साक्षीदार हजर करावा लागतो, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 67 प्रमाणे. साक्षीदार तरुण हवा आणि सापडेल असा हवा. ज्याला मिळकत मिळणार आहे त्याने कागद लिहिण्यात पुढाकार घेतला असेल तर कोर्ट संशयाने बघतं, हे 1959 च्या वेंकटचल अय्यंगार खटल्यापासून ठरलेलं आहे. म्हणून धाकट्या मुलाच्या नावावर घर करायचं असेल तर धाकट्या मुलानेच म्हाताऱ्याला रिक्षातून दुय्यम निबंधकाकडे नेऊ नये. पुस्तकात हे एका वाक्यात असतं. रिक्षापर्यंत यायला वर्ग लागतो.

नॉमिनीचा घोळ तर घराघरांत आहे. नॉमिनी म्हणजे मालक ही समजूत इतकी पक्की की आम्ही वकील असून माईंना तेच सांगून बसलो. सर्वोच्च न्यायालयाने शक्ती येझदानी प्रकरणात डिसेंबर 2023 मध्ये कंपनीच्या शेअर्सपुरतंही स्पष्ट केलं की नामनिर्देशनाने वारसांचा हक्क जात नाही. नॉमिनी पैसे स्वीकारतो, खरा वारस वेगळा असू शकतो.

सगळ्यात जड गेला तो हक्कसोडपत्राचा महिना. कायद्याचं सांगायचं तर महाराष्ट्राने 1994 सालीच मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत सहदायकत्व दिलं, त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. केंद्राच्या 2005 च्या दुरुस्तीने तो भेद काढला आणि 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालाने बाप कधी वारला हा मुद्दाही निकालात काढला. मग आम्ही एकमेकांना विचारलं, आपल्या घरात काय झालं? माडीवर शांतता. तिथे बसलेल्या बहुतेकांच्या बहिणींनी, आत्यांनी हक्कसोडपत्रावर सही केलेली होती. साडी-चोळी, भाऊबीज, "माहेर तुटायला नको". हिंदू कोड बिलावर भाषणं करणाऱ्या आमच्यातल्या एकाने तर आत्याचं हक्कसोडपत्र स्वतः टाइप केलं होतं, सनद मिळाल्यावरचं पहिलं काम म्हणून. वर्गातल्या एका वकील ताईंनी तेव्हा विचारलं, "दादा, आत्याला हिस्सा किती येत होता हे सांगितलं होतंत का?" त्याने सांगितलं नव्हतं, कारण काढलाच नव्हता. हिस्सा न सांगता घेतलेली सही ही राजीखुशीची कशी?

वतनाच्या जमिनींवर दोन बैठका गेल्या आणि तरी संपलं नाही. 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतनं गेली, जमिनी नव्या शर्तीवर परत मिळाल्या, भोगवटादार वर्ग 2. सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. पण तीन-तीन पिढ्यांच्या वारसनोंदी झालेल्या नाहीत. पणजोबाचं नाव अजून सातबाऱ्यावर, खाली इतर हक्कात कुणाचं काय चढलंय ते वाचता येत नाही. शहराजवळची अशी जमीन हेरून एकदोन वारसांच्या सह्या घेणारे दलाल सगळीकडे आहेत. त्यांना फेरफार वाचता येतो. आपल्या वकिलाला यायला हवा की नको?

आता विहारांकडे येऊ. इथे आपला राग आणि आपलं दुर्लक्ष दोन्ही एकाच वेळी दिसतं. महाबोधी महाविहारासाठी आपण रस्त्यावर उतरलो, उतरायलाच हवं. 1949 च्या बोधगया मंदिर कायद्याने तिथल्या समितीत चार बौद्ध, चार हिंदू आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी अशी रचना करून ठेवली आहे. बौद्धांचं सर्वोच्च श्रद्धास्थान बौद्धांच्या हाती नाही. हा विश्वस्त कायद्याचाच प्रश्न आहे, कोण सांभाळणार आणि कुणासाठी. पण त्याच महिन्यात आम्ही वर्गात प्रत्येकाला आपापल्या वस्तीतल्या विहाराच्या ट्रस्टचा शेड्यूल एकचा उतारा आणायला सांगितला. काही विहारांची नोंदणीच नव्हती. ज्यांची होती त्यांतल्या बहुतेकांच्या उताऱ्यावर निम्म्याहून अधिक विश्वस्त कालकथित. एका उताऱ्यावर सातही. सात कालकथित विश्वस्त त्या विहाराचा कारभार पाहत होते.

हे कसं होतं? महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 22 प्रमाणे विश्वस्त वारला, बदलला, मिळकत वाढली की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. आपल्याकडे नवीन कार्यकारिणी निवडली जाते, हार घातले जातात, पेपरात फोटो येतो आणि चेंज रिपोर्ट राहतो. तीन वर्षांनी दुसरी कार्यकारिणी, पुन्हा तेच. पंधरा वर्षांनी वाद झाला की दोन्ही गट म्हणतात आम्हीच खरे, आणि कार्यालयाच्या नोंदीत दोन्ही गट नसतात. दरम्यान रस्ता रुंदीकरणात विहाराची पुढची जागा गेली तर मोबदला घ्यायला कायदेशीर माणूस नाही. बँक खातं गोठतं. किंवा कुणीतरी उरलेला एकटा विश्वस्त जागा परस्पर बिल्डरला लिहून देतो. कलम 36 प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ट्रस्टची स्थावर मिळकत विकता येत नाही, हे वेळेवर कुणी उठून सांगितलं तर व्यवहार थांबतो. सांगणारा लागतो.

जून 2016 मध्ये दादरचं आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस रातोरात पाडलं गेलं. पुढे लाखोंचा मोर्चा निघाला, आम्हीही गेलो होतो, पावसात. पण भाषणं संपल्यावर वाद येऊन थांबला तो याच प्रश्नांवर की विश्वस्त कोण, ते कसे झाले, नोंद काय सांगते. त्या दिवशी आमच्या डब्यात परतताना बसलेल्या सहा वकिलांपैकी एकालाही ट्रस्टचा उतारा कसा वाचायचा हे सांगता आलं नव्हतं. घोषणांनी बसलेला घसा आणि रिकामं डोकं, असा तो परतीचा प्रवास होता.

आता व्यवस्थेबद्दल. महाराष्ट्रात डॉक्टरला वैद्यकीय परिषदेकडची नोंदणी टिकवायला पाच वर्षांत 30 गुण मिळवावे लागतात, त्यासाठी परिषदा, व्याख्यानं करावी लागतात. चार्टर्ड अकाउंटंटला ठरावीक तासांचं शिक्षण घ्यावं लागतं. न्यायाधीशांना उत्तनच्या न्यायिक अकादमीत बोलावून शिकवलं जातं. वकिलाने एकदा सनद घेतली, अखिल भारतीय बार परीक्षा दिली, की मरेपर्यंत त्याला कुणी विचारत नाही. वकिलांसाठी सक्तीचं निरंतर शिक्षण आपल्याकडे नाही. याचा तोटा सगळ्यांना सारखा होत नाही. श्रीमंत पक्षकाराचा वकील शिकतो, कारण पक्षकार त्याचे पैसे देतो. गरिबाचा वकील शिकत नाही आणि त्याची किंमत गरीब मोजतो, बहुतेक वेळा मेल्यानंतर.

तरीही उद्या बार कौन्सिलने सक्ती केली तर आम्ही डोळे झाकून टाळ्या वाजवणार नाही. हॉटेलातले पैसे भरून घ्यायचे परिसंवाद आणि त्यांची प्रमाणपत्रं सक्तीची झाली तर पहिल्या पिढीतला वकील आणखी मागे पडेल. वर्ग जिल्ह्याच्या बाररूममध्ये व्हावेत, मराठीत व्हावेत, फुकट व्हावेत आणि त्यात सातबारा असावा. याला पैसा कुठून, असं विचारलं जातं. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 च्या कलम 12 प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीची कुठलीही व्यक्ती आणि कुठलीही स्त्री, उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत विधी सेवेला पात्र आहे. त्या कायद्यात विधी सेवेची व्याख्या फक्त खटल्यापुरती नाही, कायदेशीर सल्लाही त्यात येतो. मग मृत्युपत्राचा सल्ला का नाही? माई अनुसूचित जातीतल्याही होत्या आणि स्त्रीही. त्यांना हा हक्क दुहेरी होता. हे आम्हाला कळलं तेही 2023 साली, वर्गाची तयारी करताना. जिल्हा प्राधिकरणाकडे आम्ही महिन्यातून एक दिवस वारसा व विश्वस्त सल्ल्यासाठी ठेवावा असा अर्ज दिला आहे. तुमच्या जिल्ह्यात तुम्ही द्या, नमुना मागितला तर पाठवू.

सात कालकथितांच्या विहारासाठी कलम 50अ खाली नवी योजना करून मागणारा अर्ज दाखल झाला आहे. वस्तीतल्या हितसंबंध असलेल्या दोन व्यक्ती लागतात. एक अर्जदार आशा वर्कर आहे, दुसरा रिक्षा चालवतो. तारखा पडत आहेत.

गेल्या महिन्यात माईंचे थोरले पुतणे माडीवर आले. आम्हाला वाटलं जागेबद्दल काही असेल. तसं नव्हतं. त्यांची धाकटी मुलगी मतिमंद आहे, सतरा वर्षांची. आपल्यामागे तिचं काय, हा त्यांचा प्रश्न होता. आम्ही त्यांना मृत्युपत्र, 1882 च्या कायद्याखालचा खासगी ट्रस्ट, नॅशनल ट्रस्टच्या 1999 च्या कायद्यातली पालकत्वाची तरतूद, असं टप्प्याटप्प्याने समजावलं. दीड तास गेला. त्यांनी वहीत सगळं लिहून घेतलं. साक्षीदारांपाशी आल्यावर त्यांनी पेन थांबवलं आणि विचारलं, कागदावर आधीच सही केलेली असेल तर साक्षीदार नंतर सही करू शकतो का? आमच्यातली ताई म्हणाली, करू शकतो. करणाऱ्याने "ही माझीच सही" असं साक्षीदाराला स्वतः सांगितलं आणि साक्षीदाराने त्याच्या डोळ्यांदेखत सही केली, की चालतं. दोघांनी एकाच वेळी हजर असायचीही गरज नाही.

त्यांनी वही मिटली. "मग त्या रविवारी काकूंनी तुम्हाला कागद दाखवला तेव्हा तुम्ही दोघं वकील तिथेच बसला होता ना?"

होतो.